सिस्टर, तुमी कोनतं वापरता?

एका गावच्या उपकेंद्रात नर्स म्हणून अकरा वर्षं काढली की किस्से साठत जातात. अडचण एवढीच की ते सांगायचे कोणाला? आमच्याकडे येणाऱ्या बायका नवऱ्याला जे सांगत नाहीत ते आम्हाला सांगतात. त्यातलं एक जरी बाहेर पडलं तरी गावातल्या चार घरांत भांडणं लागतील. मग मी ठरवलं, आपण आपलेच किस्से सांगावेत. ते सांगून फार तर आपलंच हसं होईल, आणि त्याची आपल्याला सवय आहे!

माझं काम सोपं आहे. बाळंतीण झालेल्या बाईला समजावायचं, की बाई, पुढचं मूल कधी हवं, हवं की नको, ते आताच ठरव आणि त्याप्रमाणे साधन निवड. निरोध आहे, गोळी आहे, तीन महिन्यांचं इंजेक्शन आहे, तांबी आहे, ऑपरेशन आहे. हे मी झोपेतही म्हणू शकते. नवरा म्हणतो, म्हणतेच.

आणि या गोष्टी घडल्या त्या वर्षी मी स्वतः बाळंतीण होते.

*

माझी धाकटी लोणारला झाली. थोरली तेव्हा सहा वर्षांची होती. मला दोनच पुरे होत्या, याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नव्हती.

डॉक्टर मॅडम माझ्या ओळखीच्या. बाळाला पुसून बाजूला ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "तांबी बसवून टाकू? आत्ताच होऊन जाईल."

हाच तो क्षण! बाळंतपणानंतरचे पहिले अठ्ठेचाळीस तास. याच क्षणासाठी मी गावातल्या बायकांच्या मागे पोटुशी असल्यापासून लागते. एखादी "नंतर पाहू" म्हणाली की मी तिला म्हणते, "नंतर म्हणजे कधी? बारशाला?"

दारात सासूबाई उभ्या होत्या. हातात शिऱ्याचा डबा. नात पाहून झाल्यावर त्या नुकत्याच म्हणाल्या होत्या, "काही हरकत नाही. तिसऱ्याच्या टायमाले होईन पोरगा."

मी मॅडमना म्हणाले, "नंतर पाहू."

मॅडमनी हातमोजे काढले आणि शांतपणे विचारलं, "नंतर म्हणजे कधी? बारशाला?"

*

सुट्टीचे सहा महिने मी अंगावरच्या दुधाच्या भरवशावर काढायचे ठरवले. हेही शास्त्रात बसतं. मात्र तीन अटी आहेत. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, पाळी आलेली नको, आणि बाळाला दिवसरात्र फक्त आईचं दूध, बाकी पाण्याचा थेंबही नाही.

पाचव्या महिन्यात एकदा मी न्हाऊन बाहेर आले, तर सासूबाई मांडीवर बाळ घेऊन वाटी-चमचा चालवत होत्या.

"आई, काय देताय?"

"वरनाचं पानी. महिना झाला देऊन राह्यली. कशी गुटगुटीत झाली पाह्य!"

माझं सगळं कुटुंब नियोजन महिनाभर वरणाच्या पाण्यात होतं आणि मला पत्ता नव्हता. मी काय बोलले असेन? "हो, गुटगुटीत झाली," म्हणाले.

*

मग नवऱ्याला म्हटलं, आता तुम्ही बघा. आमचे हे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहेत. स्वभावाने लाजाळू. बायकोच्या पिशवीत निरोधची शेकडो पाकिटं, पण बायकोला मागायचं कसं? स्टॉकमधून घ्यायचं म्हणजे रजिस्टरमध्ये येईल, असा त्यांचा समज. म्हणून हे मोटारसायकलवर अठरा किलोमीटर मेहकरला गेले, कारण तिथे कोणी ओळखत नाही.

मेडिकलमध्ये गर्दी होती. हे अर्धा तास खोकल्याचं औषध वाचत उभे राहिले. गर्दी सरल्यावर हळूच मागितलं.

दुकानदाराने पुडी बांधता बांधता आपुलकीने विचारलं, "काय गुरुजी, सिस्टरकडचे संपले का?"

हे तेवढं खोकल्याचं औषध घेऊन परत आले.

*

सुट्टी संपवून कामावर गेले त्या आठवड्यात शबाना आली. शबाना गावात ब्लाउज शिवते. तिचं मूल तीन महिन्यांचं. सगळं ऐकून घेऊन तिने इंजेक्शन पसंत केलं, पण सुई बघताच हात मागे घेतला.

"सिस्टर, तुमी कोनतं वापरता?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. खरं सांगायचं तर उत्तर होतं, "काही धड नाही." पण समोर घाबरलेली बाई, हातात भरलेली सिरिंज. मी ठोकून दिलं, "हेच. इंजेक्शन. मुंगी चावल्यासारखं वाटतं फक्त."

शबानाने दंड पुढे केला. वर विचारलं, "तुमचा नंबर कब है?"

"झालं माझं. आज सकाळीच."

खोलीत आमच्या आशा कार्यकर्त्या कुसुमताई बसल्या होत्या. गावातल्या घरोघरी फिरून बायकांना उपकेंद्रात आणायचं काम त्यांचं. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, आणि माझं खोटं त्यांना पाठीमागूनही कळतं. त्या पदर तोंडाला लावून खोकल्या.

तीन महिन्यांनी शबाना बरोबर तारखेला हजर. नवी साडी, हसरा चेहरा. "चला सिस्टर, आपली दोघींची तारीख एकच हाये न! पहले तुमी घ्या, मंग मी."

मी म्हणाले, आज उपवास आहे. कुसुमताई म्हणाल्या, "उपासाले सुई चालते." मी म्हणाले, मला जरा ताप वाटतोय. कुसुमताईंनी थर्मामीटर काढला. शेवटी मी खुर्चीत बसले आणि कबूल करून टाकलं, की शबाना, मी खोटं बोलले, मी काहीच घेत नाही.

शबानाने माझ्याकडे निरखून पाहिलं. मग स्वतःची बाही वर केली, इंजेक्शन घेतलं आणि जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "डरो मत सिस्टर. मुंगी चावल्यावानी लागते फक्त."

*

आता माझ्या हुशारीचा किस्सा.

एक गोळी आहे, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा घ्यायची, मग आठवड्यातून एकदा. दूध पाजणाऱ्या बाईलाही चालते. गोळी चांगली, फक्त वार लक्षात राहत नाही. मी युक्ती काढली. आमच्याकडे बाई सगळं विसरेल, बाजाराचा दिवस विसरणार नाही. आमचा आठवडी बाजार गुरुवारी. म्हटलं, बाजाराची पिशवी हातात घेतली की आधी गोळी गिळायची!

युक्ती झकास चालली. पहिले तीन महिने उरकलेल्या अकरा बायका, एकीचाही गुरुवार चुकला नाही. तालुक्याच्या मीटिंगमध्ये मी उभी राहून हा उपक्रम सांगितला. टाळ्या पडल्या. मॅडम म्हणाल्या, सगळ्यांनी यांच्याकडून शिका. मी घरी येऊन हे नवऱ्याला तीनदा सांगितलं.

पुढच्याच महिन्यात निवडणूक लागली. मतदान गुरुवारी. बाजार रविवारवर ढकलला.

शुक्रवारी सकाळी माझ्या डोक्यात उजेड पडला. मी आणि कुसुमताई घरोघर पळालो. अकराच्या अकरा बायकांनी गोळी घेतली नव्हती! पहिल्याच घरी मी ओरडले, "अगं, गुरुवारची गोळी?"

"बाजार कुठी होता काल? रविवारी हाये न. रविवारी घेईन."

राहिलेली गोळी लगेच घ्या, आणि पुढची पाळी येईस्तोवर निरोध वापरा, असं सांगत आम्ही दुपारपर्यंत पाकिटं वाटत फिरलो. शेवटच्या घरची सून पाकीट हातात घेऊन गोंधळून म्हणाली, "सिस्टर, बाजार पुढं गेला तं पोरगं होते का वं?"

सगळ्यांच्या पाळ्या वेळेवर आल्या. माझा उपक्रम मात्र पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेवरून गायब होता.

*

पुरुष नसबंदीचा पंधरवडा आला. रविवारी शाळेच्या व्हरांड्यात सभा ठेवली. चहा आहे म्हटल्यावर वीस-पंचवीस पुरुष जमले. हे शाळेची किल्ली घेऊन आले होते, ते दाराशी खुर्ची टाकून बसले.

मी त्या दिवशी रंगात होते. टाका नाही, अर्ध्या तासात घरी, दोन दिवस आराम, आठवडाभर जड काम नको. तीन महिने निरोध वापरा, मग एकदा तपासणी. ताकद कमी होत नाही, संसारसुखात फरक पडत नाही. बाळंतपण बाईने सोसलं, एवढं तरी पुरुषाने करावं! माझं मलाच पटत होतं.

मागून बबनराव उठले. ट्रॅक्टरवाले. "सिस्टर, तुमचं सारं खरं हाये. पन मास्तर इथंच बसेल हायेत. त्यायनं केली का, तेवढं इचारा न."

पंचवीस माना दाराकडे वळल्या. हे ताडकन उठले, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "माझा पाचवीचा तास आहे."

"गुरुजी, आज आयतवार हाये!"

तोवर गुरुजी फाटकाबाहेर गेले होते. त्या पंधरवड्यात आमच्या गावातून एकही नाव आलं नाही. घरी आल्यावर मी भांडणार होते, पण हे स्वतःच चहा घेऊन आले. म्हणाले, "भेव वाटते न, बाप्पा." त्यावर काय भांडणार? भीती मलाही वाटत होती. त्यांना सुईची, मला सासूची.

*

मग व्हायचं तेच झालं. पाळी पुढे गेली. आठ दिवस, दहा दिवस. बाळ अजून वर्षाचं नाही, थोरली पहिलीत, नोकरी कंत्राटी. रोज सकाळी पोटावर हात ठेवून मी हिशेब करायची. हसून सांगतेय आता. तेव्हा रडले होते.

अकराव्या दिवशी उपकेंद्राचं दार लावून मी टेस्टची पट्टी काढली. पट्टीकडे बघत उभी असतानाच कुसुमताई मागच्या दाराने आत आल्या.

"कोनाची हाये?"

"आहे एका बाईची."

त्यांनी पट्टी हातात घेतली, उजेडात धरली. एकच रेघ. नंतर माझ्याकडे पाहिलं. "नाही राह्यलं. सुटली ते बाई. तिले म्हना, आता दुसऱ्यायले शिकवनं बंद कर अन पह्यले सोताचं पाह्य."

चार दिवसांनी पाळी आली, आणि ती असतानाच मी लोणार गाठलं. मॅडमनी हातमोजे घातले. दहा मिनिटांत तांबी बसली. परतीच्या एसटीत मला इतकं हलकं वाटत होतं, की कंडक्टरला मी विनाकारण "थँक यू" म्हटलं.

*

राहिल्या सासूबाई.

मी बायकांना नेहमी सांगते, लपवू नका, घरच्यांना विश्वासात घ्या. कसं घ्यायचं ते मात्र मी कधी सांगितलेलं नाही, कारण मला ते माहीत नव्हतं. पंधरा दिवस मी वाक्यं जुळवत होते. स्वयंपाक करताना जुळवायची, वाढताना विसरायची.

एका दुपारी त्या ओसरीवर अंबाडीची भाजी निवडत बसल्या होत्या. मामंजी अंगणात बाजेवर पेपर वाचत होते. मी शेजारी बसले, चार पानं निवडली आणि एका दमात बोलून मोकळी झाले.

"आई, मी तांबी बसवली. मला तिसरं नको. विचारलं नाही तुम्हाला, चुकलं असेल. पण काढणार नाही."

त्यांचा हात थांबला नाही. एक देठ मोडला, बाजूला टाकला.

"दुखलं का?"

"नाही. थोडंसं."

"किती वर्साची हाये?"

"दहा वर्षांची."

"मंग दहा वर्सानं काढाची, हे ध्यानात कसं राह्यते?"

"कार्ड देतात ना. त्यावर तारीख असते." मी पर्समधून कार्ड काढून दिलं. त्यांनी पदराला हात पुसले. कार्ड दोन्ही बाजूंनी उलटून पाहिलं. मग अंगणातल्या बाजेकडे एकदा नजर टाकली आणि माझ्या जवळ सरकल्या.

"पमी सा महिन्याची होती तवा मी बी बसवली होती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. पमी म्हणजे माझी नणंद, यांच्या पाठची. तिची मुलगी यंदा बारावीला आहे. "तुह्या सासऱ्याले अजून मालूम नाही. आमच्या टायमाले असं कार्ड नोतं वं. ते काढा लागते का?"