तीन पात्यांची खूण

उन्हाळ्यात घरातला कूलर सुरू झाला की मला ती दुपार हमखास आठवते. तेव्हा मी अमरावतीत ठाणेदार होतो. मे महिन्याचं ऊन बाहेर मी म्हणत होतं, आणि माझ्या टेबलासमोर तिशीतली एक बाई ताठ बसली होती. पाइपलाइनचं काम करणाऱ्या एका कंपनीची ती सुरक्षा अधिकारी. धामणगाव रस्त्यावर, धाब्यापुढे उभ्या असलेल्या त्यांच्या गाडीतून आदल्या दिवशी एक पेटी चोरीला गेली होती.

"डॉक्टर हाडाचा एक्स-रे काढतात, तसे आम्ही पाइपाच्या सांध्यांचे काढतो," बाई म्हणाल्या. "त्या पेटीत इरिडियमचा इवलासा तुकडा असतो. त्यातून किरण निघतात."

"मग बंद करता येत नाही का तो?"

"त्याला बटण नसतं, साहेब. तो किरण फेकत राहतो आणि फेकता फेकता क्षीण होतो. अडीच महिन्यांत निम्मा, पुढच्या अडीच महिन्यांत त्याच्याही निम्मा. आपल्याला घाई आहे म्हणून तो लवकर विझत नाही. पेटीचं कवच जाड आहे. तुकडा आत असेपर्यंत काळजी नाही. पण कोणी पेटी फोडून तो हातात घेतला तर हात जातो, जीवही जाऊ शकतो. आणि हातात घेतल्या क्षणी काहीच कळत नाही. वास नाही, चटका नाही."

गुन्हा आधीच दाखल झाला होता. नाकाबंदी लागली होती, आमचं गुन्हे शोध पथक भंगारवाल्यांच्या गोदामांतून फिरत होतं. खबर मात्र आली बसस्थानकासमोरच्या एका ऑटोवाल्याकडून. हा आमचा जुना खबरी, बोलायला लागला की थांबायचा नाही.

"साहेब, गोनी एवढीशी, पन ठेवली तं माहा ऑटो दबला. म्हटलं, दगडं भरले का बाप्पा ह्यानं. अकोल्याच्या गाडीत बसला तो. सांजच्याले आला तं हात हालवत."

गोणीवाला आमच्या ओळखीचाच निघाला. गाड्यांच्या बॅटऱ्या, पाण्याचे पंप असलं लंपास करणारा भुरटा चोर. त्याला घरून उचलून आणला.

चोरी त्याने लगेच कबूल केली, तेव्हाच मला शंका आली. असली माणसं चोरी पटकन कबूल करतात ती पुढचं काहीतरी झाकण्यासाठी. माल कुठे आहे म्हटलं तर "रस्त्यात फेकली," म्हणाला. मग म्हणाला, "एका मानसाले इकली." कोणता माणूस? "आठवत नाही." माझं डोकं तापलं. आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, त्या किरणांनी माणसं मरतील म्हणून दरडावलं, तरी हा ढिम्म.

बाईंनी पेटीचा फोटो त्याच्यापुढे ठेवला. पिवळ्या रंगावर काळी, तीन पात्यांची, किरणांचा धोका सांगणारी खूण. त्याने फोटो पाहिला आणि त्याची नजर अलगद वर, छताच्या पंख्याकडे गेली. लगेच खाली आली. पण माणूस जीभ सांभाळतो तेवढे डोळे सांभाळत नाही, हे मी नोकरीभर पाहत आलो होतो.

"काय समजून उचललं रे तू हे?" मी विचारलं.

"कूलरची मोटर, साहेब. पंख्याचं चित्र हाय न त्याच्यावर. वजनदार होती. म्हटलं, मोठ्या कूलरची असन, आत तांबंच तांबं."

आमच्या वऱ्हाडात उन्हाळ्यात कूलरशिवाय घर नाही. तीन पाती पाहून इथला माणूस दुसरं काय समजणार? पण मोटर म्हणून नेली असेल, तर ती तांबं काढायला उघडणाऱ्याकडेच गेली असणार.

"वाइंडिंगवाला कोण? अकोल्यात कोण आहे तुझं?"

हवालदारांनी कानात सांगितलं, याची बहीण अकोल्यात दिली आहे, जावई कूलर-पंप दुरुस्त करतो. पत्ता मात्र कोणालाच माहीत नव्हता, म्हणून मी तो त्यालाच विचारला.

"बहिनीच्या दारात पोलीस नेऊ काय मी?" तो एकदम उसळला. "सीजन हाय, भाऊजीले तांब्याची गरज होती, म्हनून देली. तुमी हे किरनं-फिरनं सांगून मले भेव दाखवून राहिले. सारे पोलीस असेच करतात."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तो बाईंकडे वळला. "मॅडम, मीबी उचलली न ती पेटी. मांडीवर घेऊन बसलो बसमधी. मंग मी मरतो काय?"

मी असतो तर सरळ हो म्हटलं असतं. बाई म्हणाल्या, "नाही. पेटी बंद होती. तुम्हाला काही होईल असं मला वाटत नाही, तरी तपासणी करून घेऊ. ज्याने उघडली त्याला होईल."

घाबरवणारा माणूस कधी कमी सांगत नाही, हे त्यालाही ठाऊक असावं.

"साहेब, फोन द्या माहा."

हवालदारांनी जप्त केलेला त्याचा मोबाइल आणला. पहिल्यांदा नुसतीच रिंग वाजली. दुसऱ्यांदा बहिणीने उचलला. आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता, आणि मागून ठोकण्याचाही.

"ताई, भाऊजी काय करून राहिले?"

"तुयी ती मोटर घेऊन बसले. सकायपासून लागले तिच्या मांगं. कुलूपच नाही तुटून राहिलं. छिन्नी मोडली."

"त्याइले थांबव. हात धर त्याइचा अन् भायेर निघ."

"काहून? तव्यावर भाकर हाय माही."

"जयू दे भाकर, ताई. तुले माही शपथ हाय, निघ."

ठोकण्याचा आवाज आणखी दोनदा आला. मग तिची हाक, काहीतरी पडल्याचा आवाज, आणि ठोकणं थांबलं. त्याने फोन माझ्या हातात दिला आणि न विचारता पत्ता सांगितला. मी अकोला पोलिसांना कळवलं, गल्ली रिकामी करा, पेटीला हात लावू नका. आणि बाईंना नि त्याला घेऊन आम्ही अकोल्याला निघालो.

पोहोचलो तेव्हा शेजारपाजार लांब थोपवून धरलेला होता. बाई हातातलं मोजणी यंत्र पुढे धरून एकट्या आत गेल्या. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "कुलूप वाकलंय, पण तुकडा आतच आहे. सगळे सुरक्षित आहेत."

"अजून दोन-चार घाव बसले असते तर?" मी विचारलं.

"ते मला माहीत नाही, साहेब."

त्या बाईंकडून मी हे शिकलो. पुढे चौकशीला बसलो की जेवढं खरं तेवढंच बोलायचं, वर एक शब्द चढवायचा नाही, हे मी ठरवून पाळलं. गुन्हेगारालाही शब्दांच्या वजनातला फरक कळतो.

चोर आमच्या जीपमध्ये खाली मान घालून बसला होता. सगळी गल्ली बघत होती. बहिणीच्या दारात पोलीस आले होते आणि आणणारा तोच होता. जावई तणतणत जीपपाशी आला. "चोरीचा माल माह्या घरात आनला, लाज नाही वाटली तुले?" बरंच काही बोलला. मी बोलू दिलं. मग तो शेजारच्या घरातून पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि ग्रीसने माखलेल्या दोन्ही हातांनी मेहुण्यापुढे धरला.

"पे," तो म्हणाला. "ऊन हाय."