ग्रहणात कापलेली काकडी

मैत्रिणींनो, मी नेरची. सातवा महिना चालू आहे. आज दुपारी ग्रहण होतं. गरोदर बाईनं ग्रहणात काही कापलं तर लेकराचा ओठ फाटतो म्हणतात, म्हणून मले टीव्हीसमोर बसवून ठेवलं होतं.

मालिकेत पृथ्वी फिरते म्हणणाऱ्या म्हाताऱ्या खगोलशास्त्रज्ञावर चर्चनं खटला भरला होता. नवरा चिडला, "खरं बोलणाऱ्याले कायले छळून राह्यले हे?"

मले भूक लागली. मी उठली अन् काकडी कापली.

नवऱ्यानं केस धरून माझं तोंड ओट्यावर आपटलं. "माफी माग!"

टीव्हीवर म्हाताऱ्यानं गुडघे टेकून मागितली. मी नाही मागितली.

आता दवाखान्यात आहे. लेकरू पोटात लाथा मारून राह्यलं. माझ्या ओठाले टाके पडले. डॉक्टरबाई विचारतात, "कशानं फाटला?"

सांगा, ग्रहणानं म्हणू?