माणसं टिकवणारे सर

"सरक जरा," म्हणत सर आपली खुर्ची ओढत टेबलाच्या माझ्या बाजूला यायचे. एचआरवाले समोर बसून बोलतात, अशी माझी समजूत होती. हे शेजारी बसायचे, तेही स्क्रीनकडे बघत. माझ्यासारखीला ती केवढी सोय होती, हे तुमच्यातल्या अबोल माणसांना कळेल.

आमची कंपनी गुजरातेतल्या पर्वत पाटिया भागात, कापड व्यापाऱ्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवणारी. मुलं इथे शिकायची आणि पुण्या-बंगळुरूला उडायची. त्यांना शोधून आणणं आणि टिकवणं हे सरांचं काम. एकदा आमचा सगळ्यात हुशार प्रोग्रॅमर नोकरी सोडून निघाला. सर त्याच्या शेजारी चहा पीत बसले आणि शेठना येऊन म्हणाले, "एसी सरळ त्याच्या टाळक्यावर येतो. टेबल हलवा." टेबल हललं. तो अजून आहे. पगारही सरांनी मागाहून वाढवून घेतलाच.

मग माझी पाळी आली. मी प्रोग्रॅम लिहायचे, शिवाय अडलेल्या व्यापाऱ्यांचे फोनही घ्यायचे. राजीनाम्यात मी 'चांगली संधी मिळाली' असं लिहिलं.

"सरक जरा. कुठली कंपनी?"

मी स्क्रीनवरची एक ओळ पुसून पुन्हा तीच लिहिली.

"काय व्हयनं, माय?" सर धुळ्याकडचे, इथल्याच उधन्यात वाढलेले. अहिराणी अशाच वेळी बाहेर यायची.

"सर, मला फोनची भीती वाटते. व्यापारी ओरडतात, मला शब्दच सुचत नाहीत."

हसतील असं वाटलं. त्यांनी फोन उचलून आपल्या टेबलावर नेला. "मग फोन काढू की. तुला कशाला काढायचं?"

तेव्हापासून फोन ते घ्यायचे. सॉफ्टवेअरमधलं त्यांना ओ की ठो कळत नसे. व्यापाऱ्याचं सगळं रडगाणं ऐकून घ्यायचे, रिसीव्हरवर हात ठेवून मला विचारायचे आणि "अमारां बेन कहे छे", म्हणजे आमच्या ताई म्हणतात, असं म्हणून माझं उत्तर पुढे सांगायचे.

शेठ वैतागले. "तुम्हाला फोनवर बसायला ठेवलंय का?"

"नवीन मुलगी शोधत फिरण्यापेक्षा हे बरं," सर म्हणाले. "बसल्या जागी होतं."

पुढे कधीतरी सर जेवायला गेले असताना मी एक फोन घेतला. मग दुसरा. सरांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, फक्त जेवायला जास्त वेळ लावू लागले.

यंदा ते निवृत्त होऊन नाशिकला लेकीकडे गेले. नंतरच्या सोमवारी एका जुन्या व्यापाऱ्याचा फोन आला. बिल निघत नव्हतं.

"भाई क्यां गया?"

सर आता येणार नाहीत, हे मी त्यांना गुजरातीत सांगितलं.

"तमे तो छो ने, बेन?"

तुम्ही तर आहात ना?

"छुं," मी म्हणाले, आणि त्यांचं बिल उघडलं.