गोळी नसताना

आमच्या पूर्णा गावात भातशेती होती तिथे आता गोदामं आहेत. घरामागच्या गोदामात औषधांचे खोके येतात, आमचे हे तिथेच वॉचमन आहेत. मुलीची फिटची गोळी कुठेच मिळेनाशी झाली तेव्हा त्यांनी आतल्या साहेबाला विचारलं. साहेब म्हणाला, "मामा, हा माल बाहेरगावी चाललाय. खोका फोडला तर माझी नोकरी जाईल, पण त्याआधी तुमची." ह्यांनी घरी येऊन ते हसत सांगितलं. मग जेवले नाहीत.

मुलीसाठी स्थळं बघत होतो. गोळी चालू असली की ती चारचौघींसारखीच, म्हणून फिटची गोष्ट घराबाहेर गेली नव्हती. गावातल्या मेडिकलमध्ये विचारायचंसुद्धा नाही, शहरातल्या निजामपुऱ्यातून आणायची, असं ठरलेलं. तिथला दुकानदार आता मला बघून लांबूनच हात हलवायचा. "पीछे से माल नहीं आ रहा, भाभी." सरकारी दवाखान्यातही नव्हती. डॉक्टरांनी बदलून लिहून दिली, तीही मिळाली नाही. घरातलं पाकीट संपलं.

सासूबाई म्हणाल्या, "गोली न्हाय तं न्हाय. अकलोलीच्या कुंडान आंघोल घालू तिला. वज्रेश्वरी आई हाय ना बसलेली."

हिला पाण्यात उतरवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी ते कसंबसं सांगितलं.

"तुजा डागतर गोली देतो का?"

मी तिचे कपडे पिशवीत भरायला घेतले. तसंही माझं कुणापुढे तोंड उघडत नाही. भाजीवाल्याशीसुद्धा मी बोटाने दाखवून बोलते.

बायकांच्या कुंडात उतरण्याआधी मुलीच्या ओढणीचं एक टोक तिच्या कमरेला आणि दुसरं माझ्या कमरेला बांधलं.

"आई, मी काय म्हैस आहे?" ती म्हणाली. मी हसले, पण गाठ सोडली नाही.

पाणी कढत होतं, गंधकाच्या वासाने डोकं जड झालं. तिने एकदा बुडी मारली, वर आली, तोंड पुसलं. मग तिची नजर माझ्यावरून सरकली आणि एका जागी थिजली. माझ्या कमरेला हिसका बसला. मी पायरीला पाय अडवून ओढणी ओढली, शेजारच्या बाईने तिला खांद्याला धरलं, आम्ही दोघींनी तिला दगडावर घेतलं. तिथे ती आखडली. हातपाय झटकायला लागली, तोंडाला फेस आला, ओले केस सगळे मोकळे.

मदत करणारी बाई मागे सरली आणि ओरडली, "आई आली गो! पोरीच्या अंगान आई आली!"

बायका जमल्या, पदर पसरले. एकीने कपाळाला हळद फासली. दुसरी खाली वाकली, "आये, माज्या सुनंला पोर होईल का?"

मुलगी उताणी होती. घशात घरघर चालली होती. मी तिला कुशीवर वळवायला गेले तर एकीने माझाच हात धरला. "शिवू नको, कोपंल." तिचे ओठ निळे पडत होते. मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांना तर सगळं ठाऊक होतं. त्यांनीही हात जोडले होते.

"देवी न्हाय!" मी ओरडले. "माजी पोर हाय. तिला फिट येते. गोली न्हाय मिलाली!"

हात सुटला. मी तिला कुशीवर केलं, फेस पुसला, हळद डोळ्यांत जात होती तीही पुसली. हळूहळू तिचा श्वास सुरळीत झाला. बायका पांगल्या. एकीने कुंडाचं पाणी परत डोक्यावर घेतलं, विटाळ झाल्यासारखं.

"आपल्या गावच्या बाया पन हायेत इथं," सासूबाई हळूच म्हणाल्या. "आता कोन करील तिला?"

मुलगी झोपेत गेली. तेवढ्यात ओल्या लुगड्यातली एक बाई शेजारी येऊन बसली. तिने पिशवीतून एक पाकीट काढलं. "हीच का गो तुजी गोली?"

मला इंग्रजी येत नाही, पण त्या नावाचं वळण मी ओळखते. मी मान हलवली.

"माज्या मालकांची हाय. ते भायेर बसलेत झाडाखाली. आमच्या पन मेडिकलान न्हाय आता." तिने पाकीट दुमडलं, अर्धं तोडलं आणि माझ्या हातावर ठेवलं.

मी ते घेतलं, ब्लाउजमध्ये खोचलं. तुमच्या मालकांचं काय, हे विचारलं नाही. विचारलं असतं तर परत द्यावं लागलं असतं.