फुंकणीची तांबडी चिंधी

ताईने मुकादमाच्या पाठीत तापलेली फुंकणी घातली, त्याची चामडी सोलली आणि तो रडत फाटकाबाहेर पळाला, अशी बातमी काचेच्या कारखान्यातून निघून वस्तीभर फिरते आहे. मी त्याच कारखान्यात कामाला आहे, त्यातलं पळणं तेवढं खरं. फुंकणी थंड होती आणि त्याला लागलीसुद्धा नाही. मार खाल्ला असता तर तो स्वस्तात सुटला असता.

ताई काच फुंकते. मुकादम तिचा नवरा. बोलण्याआधी खाकरणारा आणि अवघड प्रश्नाला 'बघू' म्हणून पाठ फिरवणारा. फुंकणीच्या, म्हणजे लोखंडी नळीच्या, एका टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, दुसऱ्या टोकाला तोंड लावायचं आणि पोटातून फुंकायचं, गाल फुगवायचे नाहीत. गाल फुगवतो तो तिचा कामातला जोडीदार, म्हणून तो फुग्या. मोठी बरणी एकट्याच्या दमात होत नाही. एकाचा श्वास संपला की दुसरा तीच फुंकणी तोंडात धरतो. काच कुणासाठी थांबत नाही, मग पुसत कोण बसणार?

तर ताईचा घसा धरला. गुळण्या झाल्या, गोळ्या चघळून झाल्या. नेहमीच्या डॉक्टरांनी मान वर न करता 'भट्टीची धग' म्हणून वाटेला लावलं. शेवटी ती मोठ्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी घसा पाहिला, दार लोटून घेतलं आणि सरळ विचारलं, नवऱ्याशी तोंडाने संबंध येतो का. ताईचं डोकंच फिरलं. घसा दाखवायला आलेय, म्हणाली, घर दाखवायला नाही. बाई म्हणाल्या, घशाचंच विचारतेय.

कापसाच्या काडीने घशातून नमुना घेतला. परमा निघाला, म्हणजे गनोरिया. बाईंनी काही लपवलं नाही. तोंडाच्या संबंधातूनही तो घशात जातो. बहुतेकांना तिथे काहीच दुखत नाही, म्हणून कळत नाही आणि पसरत राहतो. गुळण्यांनी जात नाही, इंजेक्शन लागतं. घशातला चिवट, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी. गरमी, म्हणजे सिफिलिस, आणि एचआयव्हीसाठी रक्तही द्यायचं. नवऱ्याने उपचार घेतलाच पाहिजे, नाहीतर पुन्हा लागेल. दोघांचे उपचार होऊन आठवडा उलटेपर्यंत जवळ यायचं नाही, आणि पुढे निरोध. ताईने एवढंच विचारलं, फुंकणीतून येतो का. नाही, बाई म्हणाल्या, तो माणसाकडून माणसाकडे जातो, लोखंडावर वाट बघत बसत नाही.

घरी मुकादम खूप वेळ खाकरला. मग तुकड्यातुकड्याने बाहेर आलं. माल पोचवायला परगावी गेला, तिथे शेण खाल्लं. लघवीला जळजळ झाली, तेव्हा औषधवाल्याकडून गोळ्या घेतल्या, थोडं बरं वाटलं तशी अर्धी पट्टी फेकून दिली. बायकोला सांगायचं? ते राहून गेलं. सुई घेणार का? बघू.

आणि दुसऱ्या दिवशी ताई इंजेक्शन घेऊन कामावर आली, तर मुकादमाने आधीच कारखानाभर पसरवून ठेवलं होतं, की फुग्याच्या तोंडातून तिच्या घशात रोग गेला.

कुणी चुकून तोंडाला लावू नये म्हणून फुग्याच्या फुंकणीला तांबडी चिंधी बांधली गेली. बाकीचे शहाणे आपापल्या फुंकणीचं तोंडाकडचं टोक भट्टीत धरून जंतू जाळायला लागले. एकाला ती निवू द्यायचाही दम निघाला नाही. ओठावर टपोरा फोड आला. झालं, फोड म्हणजे रोगच. बघा, पसरला. मालकाने फुग्याला सांगितलं, आठवडा संपला की येऊ नकोस. दुसरं कुठलंच काम येत नसलेला तो माणूस ताईसमोर येऊन उभा राहिला.

"ताई, माझ्यामुळे झालं का गं?"

ताईने चिंधीची फुंकणी उचलली आणि भट्टीसमोर, सगळ्या माणसांत, मालकासमोर नवऱ्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. तो दोन पावलं मागे सरला, तीच ती मारहाण. तिने चिंधी सोडली आणि त्याच्या सदऱ्याच्या गुंडीला बांधली.

"माझा घसा यानं बिघडवला. याला परमा आहे, तो यानं मला दिला. तोंडातूनही लागतो, तपासून कळलंय. फुंकणीतून नाही. ओठावर फोड आलाय तो भाजल्याचा, त्याला तूप लावू नका, पाणी लावा. आणि फुग्याला काढायचं असेल तर माझाही हिशेब करा."

कुणी हसलं नाही. मुकादम खाकरला.

"घरातलं बाहेर कशाला काढतेस?"

"बाहेरचं घरात कुणी आणलं?"

तेव्हा तो पळाला, चिंधीसकट. मालकाने फुग्याकडे न बघताच, बरणी गार होतेय, कामाला लागा, असं म्हटलं. फुग्याने फुंकणी तोंडात घेतली, श्वास संपल्यावर ताईने धरली. दोघांपैकी कुणी पुसली नाही.

सुई घेतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, असं तिने नवऱ्याला बजावलं होतं. हा सुईच्या नावानेच आडवा होतो, जाणार नाही, अशी पैज मी मारली. ताई म्हणाली, जाईल. हरलास तर जिथे जिथे ती मारहाणीची गोष्ट ऐकशील तिथे खरी सांगायची, आणि त्याची नक्कल करायची नाही.

तो गेला. दंड चोळत बाहेर आला तो मीच पाहिला. म्हणजे सगळं मिटलं ना, असं ताईला विचारलं, तर म्हणाली, परमा मिटला.

मी पैज हरलो, म्हणून त्याचं ते खाकरणं इथे नुसतं लिहिलंय. नक्कल करून दाखवता येत नाही, याचं फार वाईट वाटतं.