गिरणीवर सांगितलं होतं

आमच्या गावात एकही मूल फक्त त्याच्या आईबापाचं नव्हतं, आणि या साऱ्या गोंधळाला एकच माणूस जबाबदार होता : माझ्या मुलीच्या मैत्रिणीचे वडील. गावात त्यांची पिठाची गिरणी. अंगाने काटकुळे, भुवयांवर बारा महिने पीठ, आणि स्वभाव असा की दुसऱ्याच्या पोराचा गृहपाठ राहिला तर यांना जेवण जात नसे. लेक दीड वर्षाची असताना बायको गेली. शेजारच्या चार घरांनी ती पोर वाढवली, आणि ते उपकार त्यांनी पुढे गावाचा पिच्छा पुरवून फेडले.

दळणाचा डबा परत मिळायचा तो एका अटीवर. पोरगं आज शाळेत काय शिकलं ते सांगायचं. एका बाईने 'पाढे' असं मोघम उत्तर दिलं. कितीचे, ते तिला ठाऊक नव्हतं. यांनी तिची ज्वारी अर्धवट दळलेली ठेवून गिरणी बंद केली. ती तणतणत घरी गेली, पोराला बखोटीला धरून घेऊन आली, आणि रांगेतल्या साऱ्या बायांनी सतराचा पाढा ऐकला. पोराचा तो पाढा पक्का झाला. आईचाही झाला, असं ती अजून चिडून सांगते. पालकसभेला कोणी येत नाही म्हणून गुरुजी रडकुंडीला आले, तेव्हा यांनी सभा थेट कापसाच्या वावरात भरवली. गुरुजी सरीत उभे राहून प्रगतिपुस्तकं वाचत होते आणि बाया वेचणीचे हात न थांबवता आपापल्या पोरांना शिव्या घालत होत्या.

पण त्यांचं खरं खूळ म्हणजे वार लावणं. कोणाचे आईबाप वीटभट्टीवर गेले, कोणाची आई बाळंतपणाला गेली, की हे त्या पोराचे वार लावत. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. ज्याचा वार असेल त्याने शाळा सुटताना फाटकाशी उभं राहायचं, पोराला घरी न्यायचं, जेवू घालायचं, वह्या बघायच्या. पोरांना एकच ताकीद होती : न्यायला माणूस आल्याशिवाय फाटक सोडायचं नाही. बांधावरून अबोला धरलेल्या दोन चुलतभावांची पोरं त्यांनी मुद्दाम एकमेकांकडे लावली. अबोला काही सुटला नाही, पण 'माह्या पोराले वांगं चालत नाही' असे निरोप गिरणीमार्फत जाऊ लागले. कोणाला अडचण आली तर गिरणीच्या दारातून एवढंच म्हणायचं, आज जमत नाही. पुढचं ते बघत. कोणाला गाठत, किती घरं फिरत, आम्ही कधी विचारलं नाही. यादी नव्हती की वही नव्हती, सगळं त्यांच्या डोक्यात होतं.

मग त्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा एसटीने बुलढाण्याला जाऊन डायलिसिस. भुवयांवरचं पीठ झटकलं तरी चेहरा पांढराच दिसायला लागला. एका सकाळी ते माझ्या ओसरीत येऊन उभे राहिले. गावभराची पोरं हक्काने वाटणारा माणूस, स्वतःच्या लेकीची गोष्ट काढताना पार अवघडून गेला होता.

"भाऊ, पोरीचा मामा तिले घेऊन जातो म्हणते. माणूस चांगला हाय. पण मले वाटते, चौथी इथंच व्हावी तिची. तुमा लोकायत."

मी म्हणालो, होईल, शब्द देतो.

"शब्द नोका देऊ. वार घ्या."

मी शनिवार घेतला.

संक्रांतीनंतर ते गेले. मामा समजूतदार होता. सात घरं सात वारांना उभी आहेत हे पाहून परीक्षेपर्यंत भाचीला ठेवायला तयार झाला. दोन आठवडे सगळं नीट चाललं. तिसऱ्या शनिवारी मला मोताळ्याला तहसिलीत काम निघालं. बायको मुलीला घेऊन माहेरी गेलेली. जीप पकडायला जाताना मी गिरणीच्या दारात थांबलो आणि म्हणालो, "आज जमत नाही." आत त्यांचा चुलतभाऊ दळत होता. त्याने मान हलवली. त्या बिचाऱ्याला गिऱ्हाइकाला मान हलवण्यापलीकडे काय माहीत असणार? मी निश्चिंत मनाने निघालो. निरोप ज्याच्यासाठी होता तो माणूस आता नाही, हे जीप मोताळ्याच्या स्टँडवर थांबली तरी माझ्या लक्षात आलं नाही.

शनिवारची शाळा सकाळची. सुटल्यावर गुरुजींनी तिला विचारलं, तर ती म्हणाली, काका येऊन राह्यले. गुरुजी निघून गेले. शाळा गावाबाहेर, आणि गाव हरभऱ्याच्या सोंगणीला वावरात. बापाने घालून दिलेली ताकीद पाळत ती पोर पाच तास फाटकाशी दप्तर मांडीवर घेऊन बसली. नेमका त्या दिवशी मामा तिला कपडे घेऊन आला होता. मागून आलेल्या जीपमधून मी शाळेपाशी उतरलो तेव्हा तो तिला पाणी पाजत होता.

तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो शांतपणे म्हणाला, "तुमच्यावर राग नाही भाऊ. पण पाच घंटे पोरगी इथं बसून होती, अन् गावात कोणालेच मालूम नाही."

ती माझ्याकडे न बघता त्याला म्हणाली, "मी अजून थांबली असती मामा. काका येतच होते."

दुसऱ्या दिवशी तो तिला घेऊन गेला. मी अडवलं नाही. कोणत्या तोंडाने अडवणार होतो?

आता शाळेच्या भिंतीवर यादी लागते, एका वाराला दोन घरं. त्यानंतर एकही पोर फाटकाशी ताटकळलं नाही. दुसऱ्या गावचे पालक येऊन विचारतात, तुम्हाला हे कसं जमलं? गुरुजी गिरणीवाल्यांचं नाव सांगतात, त्या सतराच्या पाढ्याचा किस्सा सांगतात, सगळे हसतात. मीही हसतो. त्यांची मला फार आठवण येते, आणि आठवण आली की लाज वाटते. गावातली सगळी पोरं आम्ही सांभाळतो. त्यांची लेक चौथी पास झाली, चांगल्या मार्कांनी, मामाच्या गावच्या शाळेतून.