उज्ज्वलाचा बर्फ, माझा चहा

योकोहामाला आमच्या इमारतीत कचऱ्याचा तक्ता लावलेला असे. जुने पेपर गुरुवारी, बाटल्या महिन्यातून दोनदा, मोडकी छत्री वेगळी. उज्ज्वलाचे किस्से कुठल्या वारी बाहेर ठेवायचे ते मात्र त्यात नव्हतं, म्हणून चार वर्षांत ते माझ्याकडे साठत गेले. आधीच सांगून टाकते, मी तिच्यावर जळायचे. अगदी धूर निघेपर्यंत.

उज्ज्वला वरच्या मजल्यावर. तिचा नवरा आणि माझा नवरा एकाच बँकेत, नव्वदीच्या सुरुवातीला दोघांची बदली एकदमच झालेली. ती नाशिकला गणित शिकवायची. मी पुण्यात पाच वर्षं चित्रकलेचा डिप्लोमा केलेला, तोही फर्स्ट क्लासमध्ये. जपानला गेल्यावर भरपूर चित्रं काढायची, असं मी विमानातच ठरवलं होतं.

*

चित्रं काढायला लागली ती उज्ज्वला! तिच्या लेकीच्या शाळेत रंगपेटी घ्यावी लागायची. लेकीने ती वर्षभरात टाकून दिली आणि हिने उचलली. बंदरावर जाऊन कुठल्याशा दुकानाच्या रॅपिंग पेपरच्या पाठीवर एक जहाज काढलं आणि मला दाखवायला खाली आली.

"पर्स्पेक्टिव्ह चुकलंय," मी म्हणाले.

"असेल गं. पण बुडतंय का?"

बुडत नव्हतं. उलट आता भोंगा वाजवेल असं वाटत होतं. मी तिला पोहे दिले आणि विषय बदलला.

*

मग तिला फिरायचं वेड लागलं. दिवसभर साध्या गाड्यांनी कुठेही जा, असं एक स्वस्त तिकीट मिळायचं. ती चित्रं काढणार, मी सोबत.

जपानी स्टेशनांवर प्रवाशांसाठी रबरी शिक्का ठेवलेला असतो, आठवण म्हणून आपल्या वहीत मारून घ्यायचा. मी तो सरळ मारायचे, वर टिश्यूने टिपायचे. उज्ज्वला वाकडातिकडा मारायची आणि मग त्यालाच हातपाय काढायची. उत्तरेला सेंदाई शहराच्या वाटेवर एका स्टेशनात तिने त्या गोल शिक्क्याचं स्टेशनमास्तरांचं पोट केलं. आणि मागे पांढरे हातमोजे घातलेले स्टेशनमास्तर स्वतः उभे!

मला वाटलं, आता खरडपट्टी निघणार. पण त्यांनी आतून आणखी दोघांना बोलावून वही दाखवली. तिघंही खूश. त्या नादात आमची गाडी गेली. स्टेशनमास्तर खूश झाले म्हणून तिकडे गाडी थांबत नाही.

माझी वही पाहून ते म्हणाले, "फार नीट आहे." मग अदबीने विचारलं, "आपणही चित्रकार?"

"मी हिची मैत्रीण," मी म्हणाले. "डबे मी आणते."

*

परत आल्यावर मी तडक टोकियोला गेले आणि अठ्ठेचाळीस रंगांची महागडी पेटी घेऊन आले. नवऱ्याने विचारलं, "सुरुवात कधी?" मी म्हणाले, "मूड लागतो." पेटी हॉलमधल्या शेल्फवर गेली, प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट.

थंडीत पुन्हा उत्तरेला जायचं ठरलं, तेव्हा उज्ज्वला खाली आली. "शैला, पांढरा आहे का गं? माझा संपलाय. बर्फ काढायचा म्हणतेय."

"माझाही संपला," मी म्हणाले.

तिने शेल्फकडे पाहिलं. वेष्टन चांगलं चकाकत होतं. "बरं," ती म्हणाली आणि डब्यात काय घेणार ते विचारलं. मला त्या रात्री जेवण गेलं नाही, पण सकाळीही मी पेटी फोडली नाही.

*

सेंदाईच्याही पुढे एका खेड्यातल्या स्टेशनाबाहेर गुडघाभर बर्फ होता. उज्ज्वला बाकावर वही घेऊन बसली. बाटलीतलं पाणी गोठायला लागलं, तेव्हा तिने माझ्या थर्मासमधला आल्याचा बिनदुधाचा चहा ओतून घेतला आणि त्यातच ब्रश बुडवला. विचारलंसुद्धा नाही! झाडं, छपरं, आभाळाची कड, सगळं चहाच्या रंगाचं झालं. पांढरा नव्हताच, म्हणून बर्फाच्या जागी तिने कागद तसाच सोडून दिला.

"अर्धवट दिसतंय," मी म्हणाले. मला फार बरं वाटलं.

*

आमच्या गल्लीत मोरि-सान म्हणून फ्रेम करणारे होते. त्यांच्यासमोर ते चित्र ठेवलं तर त्यांनी ते उचलून खिडकीपाशी उजेडात नेलं. मग म्हणाले, "एवढी जागा रिकामी सोडायला शिकण्यात माणसाचं अर्धं आयुष्य जातं."

म्हणजे मी मुकाट्याने पांढरा दिला असता, तर चित्र चारचौघांसारखं झालं असतं. माझ्या जळफळाटाचा फायदा झाला, पण झाला तिला. मोरि-सानांनीच खटपट करून वॉर्डाच्या हॉलमधली एक खोली मिळवून दिली आणि उज्ज्वलाचं प्रदर्शन ठरलं.

*

प्रदर्शनाच्या दुपारी उज्ज्वला पाहुण्यांसाठी चहा करायला आत गेली होती. मी दाराशी, सह्यांच्या वहीपाशी. किमोनो नेसलेल्या एक वयस्क बाई बर्फाच्या चित्रासमोर केव्हाच्या उभ्या होत्या. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"हा तपकिरी रंग कुठला?"

"चहा," मी म्हणाले. माझं जपानी बेताचंच. "आल्याचा. मी केलेला."

बाईंचे डोळे मोठे झाले. "म्हणजे हे चित्र आपलं?"

नाही म्हणायला असा किती वेळ लागतो? मला माझा डिप्लोमा आठवला. शेल्फवरची पेटी आठवली.

"हो," मी म्हणाले.

बाई कमरेत खूप खाली वाकल्या. मीही वाकले. मान वर केली तर त्यांच्यामागे ट्रे घेऊन उज्ज्वला उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

बाई वळल्या आणि तिला अदबीने विचारलं, "आणि आपण?"

उज्ज्वलाने आधी त्यांना कप दिला, मग एक मला दिला.

"मी यांची मैत्रीण," ती म्हणाली. "डबे मी आणते."